पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्या घरांतून कौतुकाने कधी उच्चारली गेली असेल असे वाटत नाही. ज्याला गाव नाही, घर नाही, ज्याचा सारा संसार एका ट्रंकेत मावतो आणि ज्याला मुलगी देताना बाप दहा वेळा विचार करतो, अशा माणसाला उद्देशून ती वापरावयाची. वारंवार बदली होणाऱ्या सरकारी नोकरांच्या बायकांनी तर ती सासरी आणि माहेरी, दोन्हीकडे पुरेपूर ऐकलेली आहे. तिकडे अमेरिकेत मात्र चांगल्या शिकलेल्या, चांगले मिळवणाऱ्या अशा काही स्त्रियांनी हे बिऱ्हाड आपण होऊन पाठीवर घेतले आहे. त्या परिचारिका आहेत. तीन-तीन महिन्यांनी एका गावचे इस्पितळ सोडून दुसऱ्या गावी जातात, आणि जाताना आपले घरच मोटारीला जोडून बरोबर नेतात. ह्या महिन्याच्या सदरात त्यांची हकिगत द्यावी असे मनात आले, त्याचे कारण अमेरिकेत नाही, मालवणच्या किनाऱ्यावर आहे. आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठी जी आपले घर सोडून येते तिने राहावयाचे कोठे, हा प्रश्न तेथील गावागावांतून, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या तेथील वडिलोपार्जित घरांतूनही, आज पडलेला आहे. त्या बायकांनी त्याचे उत्तर कसे काढले ते पाहिले, म्हणजे आपण ते काढावयास बसलोच नाही हे चटकन ध्यानी येते.

प्रथम त्या नोकरीचे स्वरूप. एखाद्या इस्पितळात परिचारिका कमी पडतात. कोणी बाळंतपणाच्या रजेवर जाते, हिवाळ्यात रुग्णांची गर्दी होते, किंवा गाव इतके आडबाजूला असते की कायमची म्हणून तेथे कोणी यावयास तयारच होत नाही. अशा वेळी एखाद्या मध्यस्थ कंपनीमार्फत बाहेरून परिचारिका बोलावतात. तिला तिकडे ट्रॅव्हल नर्स म्हणतात. करार बहुधा तेरा आठवड्यांचा. आठवड्यातून सामान्यतः तीन पाळ्या, आणि प्रत्येक पाळी बारा तासांची. पूर्वी राज्य बदलले की नवा परवाना काढावा लागे. 2000 सालापासून काही राज्यांनी आपसांत करार करून एका राज्याचा परवाना दुसऱ्यातही चालेल असे ठरविले; 2018 साली त्याची सुधारलेली आवृत्ती अमलात आली, आणि आता चाळीसांहून अधिक राज्ये व प्रदेश त्यात सामील आहेत. कामाची वाट अशी मोकळी झाली. अडचण राहिली ती मुक्कामाची. तेरा आठवड्यांसाठी घर भाड्याने कोण देणार? वर्षाचा करार लिहून मागणारे घरमालक तिकडेही आहेतच. हॉटेलात राहावे तर मिळकतीचा मोठा भाग तेथेच ठेवून यावे लागते. शिवाय दर तीन महिन्यांनी परक्याच्या गादीवर निजावयाचे आणि परक्याच्या चुलीवर शिजवावयाचे, ह्याचा कोणालाही वीट येईल. म्हणून त्यांच्यातील काही जणी आर. व्ही. विकत घेतात.

ह्या गाडीचे पुरे नाव रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे करमणुकीचे वाहन. आणि बारा तास उभे राहून आलेल्या बाईच्या घराला हे नाव असावे, हा भाषेचा विनोदच म्हणावयाचा. तिचे प्रकार अनेक आहेत. काहींत यंत्र आणि घर एकच. पुढे चालक बसतो, मागे संसार असतो. काहींत घर निराळे असते, त्याला चाके बसवलेली असतात, आणि ते दणकट मोटारीमागे जोडून ओढीत न्यावयाचे. ह्या दुसऱ्या प्रकारात घर एका जागी उभे करून मोटार सुटी करता येते, म्हणून रोज कामावर जाणाऱ्यांस तो सोयीचा पडतो. आत गॅसची शेगडी, लहानसे शीतकपाट, रात्री पलंग होणारे बाक आणि डोक्यावर कपाटे. मुक्कामासाठी गावोगाव गाडीतळ असतात. महिन्याचे भाडे भरले की विजेची जोडणी, पाण्याची नळी आणि सांडपाण्याची मोरी मिळते. ज्यांना हे तळ परवडत नाहीत किंवा जवळ सापडत नाहीत, त्या इस्पितळाच्याच आवारात गाडी उभी करण्याची परवानगी मिळते का ते पाहतात.

आमच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींस ह्या गाडीचे चित्र दाखविले असता त्यांची नजर सर्वप्रथम जेथे गेली ती जागा सांगितलीच पाहिजे. चुलीपासून दोन हातांवर शौचकूप! आणि त्याखाली, गाडीच्याच पोटात, तीन टाक्या: एक ताज्या पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची आणि तिसरी, जिला ते लोक सरळ काळी टाकी म्हणतात, ती उरलेल्याची. ही तिसरी टाकी काही दिवसांत भरते. मग हातमोजे चढवून, जाड नळी लावून ती गाडीच्या मालकिणीने स्वतः रिकामी करावयाची असते. सोवळ्यात वाढलेल्या माणसाला हे ऐकून शहारे येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याकडून, आणि तेही तोंड फिरवून, करून घेतले गेले, त्या घरांतील आपण नाकाला पदर लावण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढेच आमचे म्हणणे.

ह्या घरात सुख आहे तसे कष्टही आहेत. रात्रपाळी करून आलेल्या बाईला दिवसा झोपावयाचे असते, आणि पत्र्याचे ते घर तर उन्हाने दुपारी तव्यासारखे तापते. खिडक्यांना काळे पडदे लावून, थंड हवेचे यंत्र चालू ठेवून ती डोळे मिटते, तो शेजारच्या गाडीतील सुटीवर आलेल्या कुटुंबाची मुले खेळावयास बाहेर पडलेली असतात. हिवाळ्यात पाण्याची नळी गोठते. छपराच्या सांध्यातून पाणी झिरपू लागले की शिडी घेऊन स्वतः वर चढावे लागते. असे असूनही कित्येकींना हे जिणे का आवडते? त्याचे कारण त्या गाडीच्या दाराला आतून कडी आहे. गादी तिची, उशी तिची, मीठमसाला तिचा; बाहेर गाव कोणतेही असो.

आता ह्या व्यवस्थेतील जी गोष्ट आम्हांस सर्वांत चटका लावून गेली ती सांगतो, आणि ती आहे प्राप्तिकराच्या कायद्यातील. घरापासून दूर काम करणाऱ्या ह्या परिचारिकांना कंपनी पगाराव्यतिरिक्त राहण्याजेवण्याचा भत्ता देते. त्यावर कर नाही. मात्र त्याला अट आहे. तिचे कोठे तरी कायमचे घर असले पाहिजे, तेथला खर्च ती चालवीत असली पाहिजे, आणि परगावचे काम वर्षाच्या आत संपणारे असले पाहिजे. जिने घर मोडून सगळाच संसार चाकांवर चढविला, ती कायद्याच्या दृष्टीने भटकी ठरते. जेथे तिची गाडी उभी, तेथेच तिचे घर, आणि म्हणून तिच्या भत्त्यावर कर. म्हणजे घर सोडून आल्याबद्दल सवलत हवी असेल तर मुळात सोडून यावयाला घर हवे! अमेरिकेसारख्या देशाच्या सरकारी नियमात हा विचार सापडावा याचे आम्हांस नवल वाटले, कारण तो थेट आपल्या कोकणातला आहे.

चाकरमानी ह्या शब्दाचा अर्थ दुसरा तरी काय आहे? मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत राबणारा कोकणचा मनुष्य मुंबईत राहत असे, पण त्याचे घर तेथे नसे. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावी, भिंतीवर ज्याची त्याची खुंटी ठरलेली असावी, पाळीपाळीने तेथे निजावे, आणि मनिऑर्डर मात्र गावी जावी. अशी ती गावकीची खोली. अंगावर पडलेल्या गैरसोयीची लाज कोणाला वाटत नसे, कारण गावी ओटी, पडवी, माजघर असलेले घर होते आणि शिमग्याला, चतुर्थीला तेथे जावयाचे होते. आज त्याच घरांची काय अवस्था आहे? सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली 8,68,825 होती, ती 2011 च्या गणनेत 8,49,651 भरली. देशाची माणसे वाढत असताना ह्या जिल्ह्याची कमी झाली. तरणी माणसे मुंबई, पुणे, गोवे आणि त्याही पलीकडे गेली. मागे राहिले ते आईबाप. त्यांचे गुडघे, त्यांची साखर, त्यांचे मोतीबिंदू आणि शेवटचे अंथरूण. जिल्ह्यात परिचारिकेची गरज आहे ती अशी.

चाकांवरचे घर तेथे नेता येईल काय, असा प्रश्न कोणी उत्साही तरुण वाचक विचारील. सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा अशा गाड्यांना महाराष्ट्रात मज्जाव नाही. पण मालवण तालुक्याची भूमी ज्यांनी पायांखाली घातली आहे त्यांना त्यातील अडचण सांगावयास नको. हमरस्ता सोडला की दोन्ही बाजूंस गडगे आणि मधून पाणंद. त्या पाणंदीतून बैलगाडी जेमतेम जाई, तेथे हे धूड कसे शिरावे? पुढे व्हाळ, व्हाळावर साकव. पाऊस तर विचारूच नये. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने लोखंडी खिळासुद्धा चार वर्षांत खाल्ला जातो. देवबागेची वस्ती तर एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास कर्ली नदी अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ ह्या किनाऱ्यावरून गेले, त्यात माड उन्मळले, कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. जांभ्या दगडाच्या घरांची जेथे ही गत, तेथे पत्र्याच्या गाडीत बसून राहण्याचा सल्ला आम्ही आमच्या शत्रूलाही देणार नाही.

आणि गाडी आणलीच, तरी ती कोणाच्या खळ्यात उभी राहणार? मुख्य गोष्ट ही आहे. 2021 चे ते धोरण नावाप्रमाणेच पर्यटकांसाठी आहे. सिंधुदुर्ग हा 1997 पासून पर्यटन जिल्हा. तारकर्ली-देवबागेपासून मालवणापर्यंत ज्यांना दोन खोल्या जास्त आहेत त्यांनी त्या पाहुण्यांसाठी सजविल्या; न्याहारी निवासाची पाटी लागली; दोन पैसे गाठीला आले. ते वाईट झाले असे कोण म्हणेल? मासळीचा भरवसा नाही, शेतीत दम नाही, मग घराने कमवावे हे बरेच. परंतु एका रात्रीचे भाडे मोजणारा पाहुणा दाराशी उभा असताना महिन्याच्या भाड्याने खोली मागणाऱ्या परिचारिकेला होकार देणे घरमालकाच्या जिवावर येते, आणि तिला पावसाळ्यात खोली मिळाली तरी नाताळाच्या सुमारास ती रिकामी करावी लागेल की काय ही धास्ती राहते. ती पुन्हा वर्षभराच्या किंवा त्याहून कमी मुदतीच्या करारावर आलेली. तेरा आठवड्यांच्या त्या अमेरिकन बाईपेक्षा हिची स्थिती फारशी निराळी नाही. फरक इतकाच, की हिला भत्ताही नाही आणि गाडीही नाही.

गावची आरोग्यसेविका, जिला आपण सिस्टर किंवा नर्सबाई म्हणतो, तिची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्यासाठी उपकेंद्र असते. सरकारी मापाने सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार वस्तीमागे एक. तिने मुख्यालयी राहावे हा नियम आहे आणि काही उपकेंद्रांना जोडून तिच्यासाठी खोल्याही बांधलेल्या असतात. त्या खोल्या राहण्याजोग्या असल्या तर! ठरलेल्या दिवशी ती खांद्याला लशीची पेटी लावून वाडीवर जाते. त्या पेटीत बर्फाच्या पिशव्या असतात, कारण लस दोन ते आठ अंशांच्या आत राहिली पाहिजे. उन्हात ठेवून चालत नाही. लशीच्या थंडाव्याची एवढी काळजी. आणि ती आणणाऱ्या बाईने भर दुपारी कोठे टेकावे, लघुशंकेस कोठे जावे, भिजलेले लुगडे कोठे बदलावे, ह्याचा विचार वाडीने केलेला असतोच असे नाही. एखादी म्हातारी आजी ओटीवरून हाक मारते, “गो बाय, वायच पाठ टेक”, आणि कोकमाचे सरबत पुढे करते. ती आजी आहे तोवर ठीक.

गावाला पाहुणचार येत नाही असे मुळीच नाही. दशावताराची मंडळी पाहा. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की त्यांचा पेटारा गावोगाव फिरू लागतो. आज इथल्या देवळात, उद्या पलीकडच्या. ते येणार म्हणून देवळाची पडवी मोकळी असते, शिधा काढून ठेवलेला असतो, रंग चढविण्यासाठी त्यांना आडोसा आणि दिवा मिळतो, रात्रभराच्या खेळानंतर दिवसा झोपलेल्यांना कोणी उठवीत नाही. रात्रपाळी म्हणजे काय हे कोकणाला अमेरिकेकडून शिकावयाचे नाही. एक रात्र राजा होणाऱ्याची निजण्याची जागा ज्या गावाने मानाने ठरवून ठेवली, त्याच गावाने सुईणीच्या हातून बाळंतपण काढून ज्या बाईच्या हाती सोपविले, तिची जागा ठरविली नाही.

हे असे का झाले, ह्याची एक कथा आपल्याच समाजाच्या इतिहासात आहे. रमाबाई रानडे यांनी 1909 साली पुण्याची सेवासदन संस्था उभी केली आणि काही वर्षांतच तेथील विद्यार्थिनींना ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी धाडण्याचा उपक्रम केला. त्या काळी उच्चवर्णीय हिंदू घरातील स्त्रीने, त्यातून विधवेने, परक्या पुरुषाचे अंग पुसावे, कोणत्या जातीचा म्हणून न विचारता त्याला पाणी पाजावे, ही कल्पनाच पुष्कळांना असह्य झाली. रमाबाई डगमगल्या नाहीत. नुसता उपदेश करून त्या थांबल्या नाहीत, मुलींच्या राहण्याजेवण्याची व्यवस्थाही संस्थेने हाती घेतली. कारण जिने हे काम पत्करले तिला घरी परत घेतले जाईलच अशी खात्री नव्हती. शिक्षणापूर्वी छप्पर, हा क्रम त्यांनी ओळखला. पुढे धंदा प्रतिष्ठित झाला, पदव्या आल्या. छपराची गोष्ट मात्र मागे पडली.

जेथे ती मागे पडू दिली नाही अशीही उदाहरणे आपल्या देशात आहेत. आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील बेटांवर रस्ता पोचत नाही, म्हणून 2005 पासून तेथे दवाखान्याच्या नावा चालतात. डॉक्टर, परिचारिका, औषधे देणारा, खलाशी, स्वयंपाकी असे सर्वजण नावेतच राहतात, आणि बेटामागून बेट घेत दिवसेंदिवस फिरतात. 1991 साली मुंबईहून निघालेली जीवनरेखा एक्सप्रेस तर आगगाडीतलेच इस्पितळ. एका डब्यात शस्त्रक्रिया चालते आणि कर्मचारी त्याच गाडीत मुक्काम करतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने वेढलेल्या नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना आहे. ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ज्याने काम योजले त्याने माणसाच्या निजण्याची जागाही त्याच आराखड्यात योजली. अमेरिकेतील बाईला ती स्वतःच्या पैशाने योजावी लागते, म्हणून आम्हांस तिच्या धाडसाचे कौतुक वाटते. तेथील व्यवस्थेचे नव्हे.

2020 सालच्या साथीत ह्या दोन्ही देशांची कसोटी लागली. टेक्सासमध्ये काही गृहिणींच्या खटपटीतून एक चळवळ सुरू झाली: ज्यांच्या घरी सुटीसाठी घेतलेली आर. व्ही. नुसती उभी होती, त्यांनी ती डॉक्टर-परिचारिकांना वापरावयास द्यावी, म्हणजे त्यांना घरच्या मुलाबाळांत रोग न नेता राहता येईल. अनेक गाड्या अशा दिल्या गेल्या, आणि पुष्कळ ठिकाणी त्या परिचारिकेच्या स्वतःच्या घरासमोरच उभ्या राहिल्या. मुले खिडकीतून आईला पाहत. आपल्याकडे त्याच मार्च महिन्यात भाड्याच्या घरांतून डॉक्टरांना आणि परिचारिकांना बाहेर काढल्याच्या तक्रारी दिल्लीपर्यंत पोचल्या. तेथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या निवासी डॉक्टरांनी गृहमंत्र्यांना पत्र लिहिले, आणि 22 एप्रिल 2020 रोजी निघालेल्या वटहुकुमाने त्यांच्या राहण्याच्या जागी त्रास देणे हाही गुन्हा ठरविला. ज्यांच्यासाठी संध्याकाळी टाळ्या आणि थाळ्या वाजल्या होत्या त्यांना रात्री आसरा मिळावा म्हणून कायदा करावा लागला.

सरकारकडे बोट दाखविणे सोपे आहे. आता स्वतःच्या घराकडे वळू या, कारण खरी फिरती परिचारिका आज तेथेच येते. मुले मुंबईत, आई किंवा वडील गावच्या घरी अंथरुणाला खिळलेले. मग ब्युरोमार्फत किंवा ओळखीपाळखीने एक बाई आणतात. तिला नर्स म्हणण्याची चाल पडली आहे. वस्तुतः परिचर्येचा तीन-साडेतीन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम तिने केलेला असतोच असे नाही. चार महिने एका घरी, आजी गेल्या की दुसऱ्या घरी, अशी ती फिरत असते. तिचे स्वतःचे घर पलीकडच्या तालुक्यात किंवा घाटावर. तिची मुले तिच्या आईजवळ. तिचे बिऱ्हाड म्हणजे एक पिशवी. आणि तिची पाळी? चोवीस तासांची बाई, असा शब्दच आहे. ह्या शब्दाचा हिशेब कोणी मांडून पाहिला आहे काय? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. कोणताही डॉक्टर हेच सांगतो. म्हणजे ह्या बाईने आपले काम चोख केले तर तिला सलग दोन तासांची झोप लागणे नाही. रात्रीमागून रात्र. ती पेंगली तर आपण म्हणतो, बाई आळशी आहे. ती न पेंगती तर तिलाच इस्पितळात न्यावे लागले असते.

ती निजते कोठे, हे आपण आपल्या घरी एकदा पाहावे. बहुधा आजींच्या खाटेखाली किंवा खाटेशेजारी, चटईवर. तिची पिशवी खाटेच्या पायाशी. तिने केस कोठे विंचरावे, मुलाशी फोनवर दोन शब्द कोठे बोलावे, रडू आले तर कोठे जावे, ह्याला त्या सात खणी घरात जागा नाही. आमच्या परिचयाच्या एका सुविद्य घरात मोरीजवळच्या फडताळावर तिची कपबशी वेगळी ठेवलेली आम्ही पाहिली. घरच्यांनी ती मुद्दाम वेगळी ठेवली होती असेही नव्हे. तशीच रीत चालत आली होती आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते, एवढेच. जी बाई आपल्या आईच्या तोंडात घास भरविते तिच्या ओठांचा कप वेगळा! ज्यांनी हे वाचताना मनातल्या मनात आपल्या मोरीजवळच्या फडताळाकडे पाहिले असेल, त्यांनी लेख खाली ठेवून ते प्रत्यक्षच पाहून यावे.

आणि चतुर्थी! त्या पाच-सात दिवसांत मुंबईकर येतात, घर भरते, माजघरात गाद्या पडतात. त्या वेळी सर्वांत आधी जिची चटई हलते ती हीच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, नाहीतर पडवीत, पावसाच्या झडीत. आजींची खाट मात्र जागची हलत नाही, आणि रात्री दर दोन तासांनी उठून यावयाचे चुकत नाही.

येथे ती गाडी आम्हांस पुन्हा आठवते. तिची चाके, यंत्र, काळी टाकी, हे काही आपल्या उपयोगाचे नाही. उपयोगाचे आहे ते दाराच्या आतल्या बाजूचे. मालवणच्या बहुतेक जुन्या घरांशेजारी मांगर असतो. पूर्वी त्यात गवत, जोते, इरली राहत; आता गुरे गेली आणि त्यात मोडकी पेटी, नारळाची सोडणे आणि कोणाची तरी जुनी सायकल असते. भिंती चिऱ्यांच्या आहेत, म्हणजे निम्मे काम झालेले आहे. जमिनीला लादी, एक खिडकी, मच्छरदाणीसाठी चार खुंट्या, दिवा, पंखा, मोबाईल भारण्यासाठी जोडणी, कुलपाचे लहान कपाट, लागून न्हाणीघर आणि शौचकूप. आणि दाराला आतून कडी. आजींच्या खोलीतून मांगरात वाजेल अशी विजेची घंटा बसविण्यास फारसा खर्च येत नाही. बाई एकच असेल तर तिने तेथे निजावयाचे तेव्हा आजींजवळ घरच्या कोणी तरी बसले पाहिजे, हे उघड आहे. मुंबईहून आळीपाळीने आठवडाभर रजा काढून येणाऱ्या मुलगे-सुनांनी रात्रीचे दोन ते सकाळचे आठ हे सहा तास आपल्याकडे घ्यावेत. ज्यांना पैशाची सवड आहे त्यांनी दोन बायका ठेवून बारा-बारा तासांच्या पाळ्या कराव्यात आणि तसे ब्युरोच्या कागदावर लिहून घ्यावे.

हे काम दिवाळीनंतर काढले तर चिरे मिळतात, गवंडी मिळतो. वैशाखात घराची शाकारणी होते तेव्हा मांगराचीही कौले त्याच हाती परतून घ्यावीत, म्हणजे मृगाच्या आत खोली कोरडी होते. आणि भाद्रपदात मंडळी आली की मुंबईच्या बॅगा, मखराची लाकडे आणि जादा गाद्या ठेवावयास दुसरी जागा पाहावी. मांगराची किल्ली त्या दिवसांतही तिच्याच कमरेला असू द्यावी.